जात्याची प्रदक्षिणा

आत्याचं जातं फुटलं ते छताला टांगल्यामुळे.

हे वाक्य मी कुठेही बोलले की ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो आणि मग छताकडे. म्हणून पहिल्यापासून सांगते. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली होती. आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. अण्णा, आई, अण्णांची विधवा थोरली बहीण म्हणजे आमची आत्या, आणि मी. मी नुकतीच बी.एस्सी. झालेले, तीही फिजिक्स घेऊन. मुलगी बी.एस्सी. झाली हे चारचौघांत सांगायला अण्णांना फार आवडायचं. पण झाली, आता पुढे काय, याला त्यांच्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर शोधायला त्यांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतचे सगळे ओळखीचे कामाला लावले होते.

मला लग्न नकोच होतं असं नाही. पण चार वर्षं घासून जे शिकले ते एकदा तरी कुणाला तरी शिकवावं, फळ्यासमोर उभं राहावं, एवढं मला मनापासून हवं होतं. ते न होता थेट कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले असते तर मी जन्मभर धुसफुसत राहिले असते. (मी धुसफुसले की काय होतं ते आईला विचारा.) शेवटी अण्णांनी करार केला. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत कुठे शिक्षिकेची जागा मिळाली तर दोन वर्षं लग्नाचा विषय काढायचा नाही. नाही मिळाली तर जे पहिलं स्थळ होकार देईल तिथे मुकाट्याने उभं राहायचं. मी कल्याणच्या एका मुलींच्या शाळेत अर्ज टाकला. एप्रिल गेला, मे अर्धा गेला, शाळेकडून काही येईना. स्थळं मात्र येतच होती.

तरी मी आशा सोडली नव्हती. शाळेने बोलावलं तर नमुन्याचा पाठ घ्यावा लागणार, आणि तो असा घ्यायचा की कमिटीने तोंडात बोट घालावं. म्हणून मी जायरोस्कोप निवडला. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट साधी आहे. सायकलचं चाक घ्यायचं, त्याच्या आसाचं एकच टोक दोरीने छताला टांगायचं, चाकाला जोरात फिरकी द्यायची आणि सोडायचं. कुणीही म्हणेल की चाक धप्पकन खाली लोंबकळणार. ते लोंबकळत नाही. उभंच्या उभं राहतं, आस आडवा राहतो, आणि सगळं चाक दोरीभोवती सावकाश फिरायला लागतं. आमचे प्रोफेसर त्याला प्रिसेशन म्हणायचे. आत्याने पहिल्यांदा पाहिलं आणि हात जोडून म्हणाली, "अगं, हे तर प्रदक्षिणा घालतंय." त्या दिवसापासून घरात तोच शब्द रूढ झाला, आणि खरं सांगायचं तर तो प्रोफेसरांच्या शब्दापेक्षा बरा आहे.

चाक शेजारच्या काकांच्या जुन्या सायकलचं होतं. टांगायला माजघरातला झोपाळा सोडवून त्याची कडी मोकळी केली. अण्णा ऑफिसातून आले की सवयीने झोपाळ्यावर बसायला जायचे आणि तिथे चाक दिसलं की न बोलता खुर्चीकडे वळायचे.

माझी अडचण वेगळीच होती. चाकाची प्रदक्षिणा मला आणखी दमाने व्हायला हवी होती, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही नीट दिसेल. मग मी आपली अक्कल चालवली. जड माणूस हळू चालतो, भरलेली बैलगाडी हळू चालते, तेव्हा चाक जड केलं की प्रदक्षिणाही हळू होणार. ट्यूबमध्ये ओली वाळू ठासून भरली. फिरकी देताना दंड भरून आले. पण तेवढीच फिरकी दिल्यावर चाक फिरलं ते जवळपास पहिल्याच चालीने. मी आणखी वाळू भरली. पुन्हा तेच. मला एवढा राग आला की दोन दिवस मी त्या चाकाशी अबोला धरला. बी.एस्सी.ला समीकरण पाठ होतं, परीक्षेत लिहून त्याचे मार्कही मिळवले होते, आणि ते समीकरण माझ्या डोळ्यांसमोर माजघरात फिरत असताना मला ओळखू येत नव्हतं!

ओळखू आलं ते तांदूळ निवडताना. चाक जड केलं की त्याला खाली ओढणारा भार वाढतो आणि प्रदक्षिणा उरकायला बघतो. पण तोच जडपणा फिरतही असतो, आणि जितकं जड तितकं ते आपली फिरकी हट्टाने धरून बसतं. ओढणंही दुप्पट, अडून बसणंही दुप्पट. एकाने दुसऱ्याला खाल्लं, उरलं काहीच नाही. वजनाचा हिशेबात पत्ताच नाही! मग उरतं काय? फिरकी किती जोराची आणि दोरीपासून चाक किती लांब, हे तर आहेच. पण त्याशिवाय उरतो तो आकार. वजन कडेला आहे की पोटात आहे, एवढंच. मी सूप बाजूला ठेवलं आणि एकटीच हसत बसले. आईने आत्याला विचारलं, हिला ऊन तर लागलं नाही ना.

आता ताळा पाहायचा होता. कडेला वजन असलेलं चाक होतंच. पोटात वजन असलेलं, भरीव, आटोपशीर असं काहीतरी हवं होतं, आणि शिवाय मध्ये भोक असलेलं. सगळं घर धुंडाळलं. मग आत्याच्या जात्याकडे नजर गेली. ते जातं तिच्या सासरहून, खडवलीहून आलेलं. आत्याचं त्या घरातलं जे काही उरलं होतं ते तेवढंच. मागायला जीभ रेटेना. पण आत्यालाच कळलं. शाळेसाठी पाहिजे ना, म्हणाली, मग ने वरची तळी. फक्त दोन अटी घातल्या. रिकामं जातं फिरवायचं नाही, चार दाणे तरी टाकायचे. आणि आधी हळदकुंकू लावायचं. मी तळीचा, म्हणजे त्या वरच्या दगडाचा, खुंटा काढला, भोकात लाकूड ठोकून जुन्या सायकलच्या चाकाचा मधला हब बसवला, आणि चाकाला द्यायचे तेवढीच फिरकी देऊन जमिनीपासून वीतभर उंचीवर टांगलं. दगड सुटला तो थेट पळतच! चाक जिथे देवळात गेल्यासारखं फिरायचं, तिथे जातं पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं फिरलं. माझा ताळा बरोबर आला होता. मी खूश झाले आणि तळी कोपऱ्यात ठेवून दिली, कारण ही वस्तू पाठात वापरण्यासारखी नव्हती. वर्गात सुटली असती तर पहिली रांग आडवी झाली असती.

दुसऱ्याच दिवशी कल्याणच्या जोश्यांचा निरोप आला. जोशी हे अण्णांचे जुने स्नेही आणि माझ्या लग्नासाठी फिरणाऱ्यांतले सगळ्यांत उत्साही. निरोप असा की रविवारी संध्याकाळी कल्याणची मंडळी मुलीला बघायला येणार आहेत, घरी असा. आता आमच्याकडे "मुलीला बघायला येणार" या तीन शब्दांना दुसरा अर्थ कधी कुणी ऐकलेला नव्हता. आईने पोहे काढले, अण्णांनी धोतर बदललं. मला हिरवं पातळ नेसायला लागलं. मे संपत आला होता. हे पहिलं होकार देणारं स्थळ असलं तर माझा खेळ संपला, हे मला स्वच्छ दिसत होतं. जोश्यांचा निरोप एवढा घाईचा म्हणजे ती मंडळी होकार देणारच. मी त्या दिवशी आईशी बोलायचं टाळत भांडी घासत बसले. बोलले असते तर रडले असते.

मंडळी आली. काळा कोट घातलेले एक वकील आणि चष्मा लावलेल्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, पन्नाशीच्या एक बाई. मुलगा नव्हता. तेव्हा वडीलधारी मंडळी आधी येऊन जायची, त्यामुळे त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बाई म्हणजे मुलाची मोठी बहीण, असं आत्याने दाराआडूनच ठरवून टाकलं. मी आतच होते आणि बाहेरचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. वकीलसाहेब अण्णांना सांगत होते की आधीची दिवाळीतच सोडून गेली. अण्णांनी घसा खाकरून विचारलं, का बुवा. लांब पडतं म्हणाली, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. त्याच्या आधीचीला उलट उत्तरं देण्याची सवय होती, तिला आम्हीच काढली. अण्णांचा आवाज खोल गेला. म्हणजे दोन झाल्या? त्यावर वकीलसाहेब सहज म्हणाले की दोन कशा, पाच-सहा झाल्या असतील, आमच्याकडे कुणी टिकतच नाही हो!

आईच्या हातातून पळी पडली. माझी मात्र भीती त्या क्षणी गेली आणि तिथे चीड आली. पाच-सहा! आणि हे लोक मला बघायला आलेत! आता मुकाट्याने उभं राहायचं नाही, या लोकांना असं पळवून लावायचं की पुन्हा ठाण्याची पायरी चढणार नाहीत, असं मी ठरवलं.

संधी त्यांनीच दिली. मी पोहे घेऊन बाहेर गेले, तिपाईवर ठेवले. बाईंनी मला नाव, शिक्षण विचारलं आणि मग म्हणाल्या, तयारी नसली तरी चालेल, काही करून दाखवाल का. अण्णा घाईने म्हणाले की थोडं गाते. मी म्हटलं, "गाणं नाही. मी दगड टांगते."

कुणाला काही कळायच्या आत मी माजघरातून तळी उचलून आणली. बाहेरच्या खोलीत उन्हाळ्यात माठाचं शिंकं अडकवायला एक हूक होता, त्याला मी सुंभाचा फास लावला, आसाचं टोक त्यात अडकवलं. अण्णा माझ्याकडे असे बघत होते की त्या नजरेनेच दगड खाली यावा. आत्या मात्र बाहेर आली, आणि नियमाप्रमाणे तिने दगडाला हळदकुंकू लावलं. दाण्यांचा नियमही ती विसरली नाही. देवघरातून मूठभर तांदूळ आणून तिने भोकाच्या खळग्यात टाकले आणि तळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तांदूळ देवघरातले होते, म्हणजे कुंकू लावलेले. हे माझ्या लक्षात आलं, पण उशिरा.

मी हबला गुंडाळलेली दोरी सगळा राग एकवटून ओढली. आत्याने हात सोडले. दगड गरगरला आणि खळग्यातल्या सगळ्या अक्षता समोर शेजारी-शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांच्या आणि बाईंच्या डोक्यावर सडासड पडल्या.

"झालं," आत्या म्हणाली. "लागलं यांचं."

पुढचं फार पटकन घडलं. जातं निघालं प्रदक्षिणेला. पहिली फेरी अण्णांच्या टोपीला घासून गेली. वकीलसाहेबांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. खुंटा काढलेल्या जागी दगड थोडा हलका पडला होता, त्यामुळे तो फिरताना थरथरत होता, आणि त्या थरथरीने फिरकी भराभर उतरत होती. फिरकी उतरली की प्रदक्षिणा आणखी जोरात होते आणि दगड खाली झुकत जातो. हे मला माहीत होतं. माहीत असून काही करता येत नव्हतं, कारण मीही भिंतीला चिकटून उभी होते. पुढच्या फेरीला फास सैल पडून तो आणखी खाली आला आणि त्याने तिपाई गाठली. पोहे उडाले ते सगळे काळ्या कोटावर. फासातून आस निसटला, दगड फरशीवर आदळला आणि त्याचे सरळ दोन तुकडे झाले. फरशीचे किती झाले ते आम्ही नंतर मोजलंच नाही.

आत्या त्या दोन तुकड्यांकडे बघत होती. तिचा चेहरा पाहून माझा सगळा राग ओसरला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई मात्र खुर्चीतून उठून दगडाजवळ आल्या होत्या. केसातल्या अक्षता तशाच. वाकून हब पाहिला. मग मला विचारलं, "इतका जड दगड. खरं तर दमाने फिरायला हवा. हा धावत का सुटला?"

आजपर्यंत मला बघायला आलेल्या एकाही माणसाने असा प्रश्न विचारला नव्हता. मी विसरून गेले की यांना पळवायचं आहे. मी सांगायला लागले. वजन वाढवल्याने काहीच होत नाही, कारण जे ओढतं तेच अडूनही बसतं. फरक पाडतो तो आकार. एका वजनाची बांगडी घ्या आणि भाकरी घ्या. बांगडीचं सगळं वजन कडेला, भाकरीचं पोटभर पसरलेलं. दोघींना सारखीच फिरकी दिली, तर बांगडी फिरकी घट्ट धरते म्हणून तिची प्रदक्षिणा सावकाश होते. भाकरी धरत नाही, म्हणून ती पळते. चाक म्हणजे बांगडी, जातं म्हणजे भाकरी, त्यातून हे लहानसं, म्हणजे वजन आणखीच मधोमध. मग मी धावत आतून चाक आणलं, टांगलं, फिरवलं. त्याने आपली शांत प्रदक्षिणा सुरू केली. बाई त्याच्याबरोबर एक फेरी चालल्या. वकीलसाहेबांनीही पाय खाली घेतले.

"आमच्या वर्गात चाळीसच्या वर मुली आहेत," बाई म्हणाल्या. "चाक चालेल. दगड आणू नका."

अण्णांनी टोपी सरळ केली आणि अत्यंत सावधपणे विचारलं, "चाळीस मुली? मग मुलगा कुठे आहे?"

"कुठला मुलगा?" वकीलसाहेब म्हणाले.

मग सगळा उलगडा झाला. वकीलसाहेब शाळेचे चिटणीस, बाई मुख्याध्यापिका. शिक्षिका टिकत नाहीत म्हणून या वेळी घरी जाऊन मुलगी आणि माणसं बघून घ्यायची, असं कमिटीने ठरवलेलं. सोडून गेल्या त्या शिक्षिका. जोश्यांनी निरोप सांगताना "शाळेची" हा शब्द तेवढा गाळला होता. ज्या एका नोकरीसाठी मी महिनाभर चाकाशी झटत होते, तीच घरी चालत आली होती आणि मी तिच्यावर दगड सोडला होता!

मी खालीच बसले. चिटणीस कोटावरचे पोहे वेचत मुख्याध्यापिकाबाईंना म्हणत होते की बाई, जरा विचार करा, ही मुलगी रागीट दिसते. बाईंनी मला विचारलं की मुलाकडचे समजून तुम्ही हे केलंत का. खोटं बोलायला आता काही उरलं नव्हतं. मी मान हलवली. अण्णांसमोर, आईसमोर.

बाईंनी चाकाकडे पाहिलं. ते थांबत आलं होतं.

"मलाही बघायला यायचे," त्या म्हणाल्या. "मी नुसती रडायचे. मला हे सुचलं नाही."

आत दाराशी आईने डोळ्यांना पदर लावला. अण्णा जमिनीकडे बघायला लागले. बाई चिटणीसांकडे वळून म्हणाल्या की जूनपासून या येतील. चिटणीसांनी काही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्या कानावरून अक्षतांचा एक दाणा खाली घरंगळला आणि त्यांनी ते मिटलं.

मंडळी गेल्यावर मी आत्याजवळ जाऊन बसले. आत्या म्हणाली, एवढी वर्षं दळून हात गेले माझे, आता तुझी नोकरी लागली, पीठ गिरणीतून आणत जाऊ. मग दोन्ही तुकडे तिने स्वतः उचलून देवघराशेजारी ठेवले. मला हात लावू दिला नाही.

मी कल्याणला शिकवायला जाऊ लागले. शाळेत चाक टांगलं, चाळीस मुलींनी तोंडात बोटं घातली, आणि मला वाटलं होतं तितकाच आनंद झाला, कदाचित थोडा जास्तच. दोन वर्षांनी कराराची मुदत संपली. एव्हाना माझं मन शांत झालं होतं आणि लग्नाला माझी काही हरकत नव्हती. अण्णांनी पुन्हा स्थळं बोलावली. या वेळी खात्री करून घेतली, दर वेळी मुलगाही हजर होता. मी खाली मान घालून बसायचे. विचारलं तेवढ्याचं गोड आवाजात उत्तर द्यायचे. घरात दगड तर सोडाच, साधा पाटासुद्धा कुणाच्या नजरेला पडू दिला नाही. आणि एकामागून एक सगळ्यांचे नकार आले.

शेवटी अण्णांनी जोश्यांना खोदून खोदून कारण विचारलं. जोशी आधी आढेवेढे घेत होते. मग म्हणाले, मुलगी चांगली आहे, पण प्रत्येक उत्तर ती दोनदा सांगते, मग मुलाच्या तोंडाकडे बघून "समजलं का?" असं विचारते, आणि तो गप्प बसला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

म्हणजे स्थळ पळवून लावायला जातं टांगायची काही गरजच नव्हती. मी नुसतं तोंड उघडलं असतं तरी काम झालं असतं.